झोपलेल्या हातानं निवडलेला रॉड

मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं धरायचं, हा आमच्या घरातला नियम. तो माझ्या थोरल्या भावानं घालून दिला. मी बोंबलत यायचो, धरणावर माझ्या पायाएवढी मरळ लागली, दोन माणसांनी कंबर धरली म्हणून वाचलो, नाहीतर तीच मला शिजवून खाणार होती. दादा बशीतला चहा फुंकत एवढंच म्हणायचा, "निम्मं कर." मग मी मरळ गुडघ्यापर्यंत आणायचो. "अजून निम्मं." शेवटी मरळ वीतभर राहायची आणि ती खरी असायची.

दादाला मापाशिवाय काही सुधरत नसे. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस. आधी कारखान्यात, मग सातपूरला स्वतःची पत्र्याची शेड टाकून. एकच लेथ, पण तिच्यावर त्यानं काय नाही केलं? मुंगीनं येऊन बुटाचं माप दिलं असतं तर सहाही पायांचे जोड त्यानं वेगवेगळे काढून दिले असते. (करा निम्मं.) पण हे मात्र पुरतं खरं, की फिरतं काम थांबवून तो उजव्या अंगठ्याचं नख त्यावरून एकदा ओढायचा आणि म्हणायचा, "अजून केसभर." मापाची पट्टी नंतर लावायची, ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. पट्टी त्या नखाच्या पुढे कधी गेली नाही.

होळीनंतर त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. महिनाभरानं पाय परत आला, पावसाळ्यात हातही आला, म्हणजे बोटं मिटायला लागली, मनगट वळायला लागलं. मी गल्लीभर पेढे वाटले आणि दादा पुढच्या आठवड्यात एका हातानं ट्रक उचलणार असं जाहीर केलं. त्याच आठवड्यात तो चहाचा स्टीलचा पेला उजव्या हातात धरून माझ्याशी बोलत बसला होता. चहा नुकताच गॅसवरून उतरवलेला. बोलत राहिला, बोलत राहिला, आणि वहिनी आतून आली ती किंचाळलीच. तळवा लालभडक झाला होता. दादानं पेला खाली ठेवला, हात उलटा केला, सुलटा केला, आणि शेजारच्याची वस्तू चुकून आपल्या घरी आल्यासारखा बघत राहिला.

"भाऊजी, ताकद आली, पण आत कोणी नाही हो," वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, थोड्या बऱ्या शब्दांत. जाणीव आली तर आली.

आता ज्या हाताला उकळता चहा कळत नाही, तो हात फिरत्या लेथजवळ न्यायचा कसा? बोट आत गेलेलं मालकाला शेवटी कळायचं. चांदवडचा एक माणूस लेथ मागत होता. कांद्याच्या चाळीचे अँगल, ट्रॉलीचे पिन असली कामं करणारा. शेडमध्ये येऊन त्यानं लेथच्या पाठीवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

"मशीन लय जीव लावून ठेवेल हाय, दादा. नवमीच्या आधी हालवू का? पूजा माझ्याकडंच झाली तर बरं."

खंडेनवमीला आमच्या सगळ्या शेडींत मशिनं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसवतात. त्या दिवशी मशीन ज्याच्याकडे, त्याचंच ते. दादा म्हणाला, "नवमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगतो."

तो गेल्यावर दादानं मला स्टुलावर बसवलं. "मला एकदा तपासायचंय. हाताला काही कळतं का नाही. कळलं, तर लेथ इथंच. नाही कळलं, तर तो घेऊन जाईल. पण लेथवर तपासता येत नाही. तिथं चूक झाली तर बोटं जातात. मला असं काहीतरी सांग, जिथं चूक झाली तर फक्त मासा जाईल."

आम्ही दोघं लहानपणापासून गळ टाकणारे. पण आमचं सगळं डोळ्यांवर आणि कानांवर. पाण्यावर तरंगणारी मोराच्या पिसाची काडी बुडाली की ओढायचं, नाहीतर काठी दगडात रोवून शेंड्याला घुंगरू बांधायचं. हाताला त्यात कामच नाही. तेव्हा मी फोनवर बघितलेलं मायक्रो जिगिंग काढलं. बोटाच्या पेराएवढा धातूचा चकचकीत तुकडा, त्याला गळ. तो तळाला सोडायचा आणि मनगटानं उचकवत उचकवत वर आणायचा. माशाला वाटतं जखमी पिल्लू तडफडतंय. तो तोंड लावतो ते फक्त हाताला कळतं. ना काडी, ना घुंगरू.

"ह्याला रॉड हलका लागतो," मी म्हणालो. "इतका हलका की वाऱ्यावर सोडला तर थेट वणीच्या गडावर जाऊन पडेल."

"निम्मं कर. आणि घेऊन ये."

"तू चल की. हात तुझा आहे."

"दुकानात चार लोकांसमोर हातातनं रॉड पाडायला? तूच जा."

दुकान द्वारका चौकापलीकडे. तो चौक ओलांडताना मी दोनदा वारलो, तिसऱ्या जन्मी दुकानात पोचलो. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. मी त्याला खरं सांगितलं नाही, लक्षद्वीपला निघालोय म्हणालो. त्यानं तीन रॉड काढले. तिन्ही सहा-साडेसहा फुटांचे आणि हातात धरले तर उदबत्ती धरल्यासारखे. पहिल्याचा शेंडा भरीव, मऊ. मासा तोंड लावतो आणि त्याला काही टोचत नाही, म्हणून सोडत नाही. दुसरा शेंड्यापर्यंत पोकळ आणि कडक, त्यामुळे तळाचा खडा लागला तरी मुठीत टक् वाजतं. तिसरा तसाच पोकळ, पण दोरीचं रीळ बसतं तिथं मूठ कापून आतला कार्बनचा दांडा उघडा ठेवलेला, बोट थेट त्यावर टेकतं.

कुठला घ्यायचा? माझ्या हाताला तर तिन्ही बोलत होते. माझ्या हाताला काय विचारायचं! तेव्हा मला ती अक्कल सुचली. मी बाकावर बसलो, उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर माझा सगळा संसार ठेवून दिला.

"काका, काय झालं?" दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हात झोपवतोय."

"...चहा सांगू का?"

अर्धा तास बसलो. दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून मागच्या मागे फिरली. हात पुरता मेला तेव्हा डाव्या हातानं तो उचलून त्यात पहिला रॉड ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "शेंड्याला नखानं टिचकी मारा." त्यानं मारली. काही नाही. दुसरा. अगदी पुसट काहीतरी, लांब कुठंतरी दार लोटल्यासारखं. तिसरा हातात घेतला आणि काय सांगू, दंडापर्यंत मधमाश्यांचं पोळं उठलं! "हाच!" मी ओरडलो.

रीळ घेताना मी आणखी शहाणपणा केला. दुकानदार सगळ्यात लहान रीळ देत होता. मी म्हणालो, हलक्या रॉडला अगदीच हलकं रीळ लावलं की शेंडा नाक खाली घालतो आणि मनगट त्याला सावरण्यातच थकतं. एक नंबर मोठं लावून बघितलं. रॉड बोटावर तराजूसारखा सपाट राहिला. तेच घेतलं. त्यावर न ताणणारी विणलेली बारीक दोरी, कारण साधी नायलॉनची ताणली जाते आणि माशाचा निरोप वाटेतच खाऊन टाकते.

घरी येऊन मी सगळा पराक्रम सांगितला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. दादा हसला नाही. तो मापाच्या गोष्टीत हसत नाही.

"तिसऱ्यानंतर पहिला पुन्हा धरून बघितलास?"

"कशाला? तिसरा बोलला ना."

"किती वेळ गेला पहिल्यापासून?"

"पाचेक मिनिटं."

"मग हात जागा होत होता, लेका. मुंग्या आल्या तुला. रॉड नाही निवडलास, मुंग्या निवडल्यास." त्यानं आपला उजवा हात मांडीवर उपडा ठेवला. "ह्याला मुंग्यासुद्धा येत नाहीत."

मी बदलून आणतो म्हणालो. तो म्हणाला, "राहू दे. परवा नवमी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. तिथं एक काळा खडक थेट खोल पाण्यात उतरतो. दादाला त्यावर बसवलं. त्यानं खिशातला रुमाल काढून माझ्याकडे दिला.

"डोळ्यांवर बांध. आणि तू गप्प बसायचं. हूं नाही, चूं नाही. मी स्वतः म्हणेन 'लागला', तरच लागला."

मला गप्प बस सांगणं म्हणजे गोदेला उलटी वाहा सांगणं. पण बसलो. तो डाव्या हातानं रिळाचं हँडल फिरवायचा, उजव्या मनगटानं उचकवायचा. मनगट सुरेख चालत होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय तयार माणूस आहे. दीड तास असाच गेला. उन्हं वर आली. पाणी थंड जस्तासारखं.

मग शेंडा दोनदा थरथरला. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. रुमालाखाली तोंड शांत. शेंडा थांबला, परत थरथरला, आणि चांगला वीतभर वाकून पाण्याकडे गेला. रिळातून दोरी जायला लागली. रीळ इतकं महागाचं की आवाजही लोण्यासारखा, ऐकू न येणारा. त्या रिळाची निवड माझी. दादाचं मनगट आपलं तसंच, उचकव, थांब, उचकव, थांब.

मी खोकलो.

"लागला," दादा म्हणाला.

त्यानं ओढला. तळहाताएवढी चिलापी वर आली. मी खडकावर नाचलो, दादाला मिठी मारली, माशाला मिठी मारली. कळलं! हाताला कळलं! दादानं रुमाल वर सरकवला आणि मासा सोडवायला घेतला. मासा डाव्या हातात, गळ उजव्यानं काढत होता.

"खोकला कधीपासून आहे तुला?" तो म्हणाला.

"रात्रीपासून. थंडी बाधली."

"मी वाट बघत होतो. माशाची नाही, तुझी. म्हटलं, हा किती वेळ दम धरतो."

"दादा, पण तू जरा आधीच..."

बोलता बोलता मला ते दिसलं. मासा केव्हाच सुटून खडकावर उडत होता. गळ दादाच्या उजव्या अंगठ्यात होता, नखाच्या कडेतून आत शिरून पेरातून बाहेर आलेला. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. दादा माझ्याकडे बघत माझं वाक्य पुरं व्हायची वाट पाहत होता.

"दादा. अंगठा."

त्यानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो हात त्यानं माझ्यापुढे धरला, लहानपणी काटा काढायला मी त्याच्यापुढे धरायचो तसा. गळ मीच काढला. मी ओरडत होतो, तो नाही. मी रुमालानं अंगठा बांधला. त्यानं डाव्या हातानं फोन काढला आणि चांदवडला लावला.

"गाडी आज दुपारीच आण."

नवमीला आम्ही शेडमध्ये गेलो. जमिनीवर तेलानं काळा झालेला लांबट चौकोन राहिला होता आणि बोल्टांची भोकं. वहिनीनं सवयीनं ताट आणलं होतं, झेंडू, हळदकुंकू, नारळ, आणि ते घेऊन ती त्या चौकोनाच्या कडेला उभीच राहिली. आत पाऊल टाकवेना तिच्यानं. शेवटी दादानं गाडीतून रॉड आणवला आणि चौकोनामागच्या भिंतीला मधोमध टेकवला. वहिनीनं त्याला माळ घातली. त्या माळेच्या वजनानं शेंडा वाकला.

आजूबाजूचे शेडवाले प्रसाद घेऊन आले. मग एकानं विचारलं, "ह्या काठीनं दादांनी मासा काढला म्हणे?"

मला तेवढंच पाहिजे होतं. "मासा? अहो, हाताएवढा! कोपरापासून बोटांपर्यंत! दादाचे डोळे बांधलेले, आणि माशानं नुसता श्वास घेतला तर दादाच्या हाताला कळलं! मी शेजारी बसून मला पत्ता नाही, आणि हा म्हणतो, लागला!"

सगळे हसले आणि सवयीनं दादाकडे वळले. वहिनीही वळली. मी चिलापी कोपरावरून मनगटावर आणायला तयारच उभा होतो.

दादानं बांधलेला अंगठा डाव्या मुठीत घेतला.

"होता तेवढा," तो म्हणाला. "ह्यानं सांगितलं तेवढाच होता."