तिसरीच्या पुस्तकाचे फोटोग्राफर

हिंगोली जिल्ह्यात आमच्या साडूंनी ज्याचा फोटो काढला नाही असं काही उरलं असेल, तर ते फक्त वारं. बाकी माणूस, बैल, ट्रॅक्टर, सरपंच, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यापुढून गेलेलं आहे. आखाडा बाळापुरात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथून निघालेल्या नवरीच्या फोटोवर डाग, पुटकुळी, व्रण असलं काही औषधालाही सापडायचं नाही. एका नवरीचा चेहरा त्यांनी इतका साफ केला, की लग्नाच्या दिवशी वरमाय मांडवात खऱ्या नवरीलाच बाजूला सारून विचारत होती, "नवरी कुठं हाय?" हे मी साडूंच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि लग्नाची कामं आटली. दुसऱ्या कुणीही स्टुडिओ विकून झेरॉक्सचं मशीन टाकलं असतं. साडूंनी रद्दीच्या गाड्यावर निजामाच्या काळातलं शाळेचं भूगोलाचं पुस्तक पाहिलं आणि गाडाच अडवला. "हे गेलं तर परत छापनार कोन? तुमी?" त्यांनी रद्दीवाल्याला असं काही दरडावून विचारलं, की त्या बिचाऱ्यानं घाबरून तराजूसुद्धा देऊ केला. त्या दिवसापासून जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करायची, पानन् पान फोटोत घ्यायचं आणि इंटरनेटवर जगाला फुकट वाचायला ठेवायचं, हा त्यांचा धंदा झाला. म्हणजे धंदा सोडून बाकी सगळं झालं.

पुस्तकाशी ते नवरीशी बोलावं तसं बोलतात. लग्नातले दिवे दोन्हीकडून लावायचे, काउंटरची काच अलगद पानावर ठेवायची आणि म्हणायचं, "हां, मान जरा वर. हलायचं न्हाई." शिवण उसवलेलं पुस्तक आलं, की त्याला वयस्कर पाहुण्यासारखं उशीवर टेकवतात. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही. मी पडलो हिंगोलीच्या हळदीच्या बाजारातला माणूस, माझी बोटं जन्मात पांढरी व्हायची नाहीत. तर मला त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं करून चौथीचं गणित लांबून दाखवलं होतं. आमची मेहुणी म्हणते, "दाजी, माझ्या लग्नाचा अल्बम अजून अर्धा हाय, अन् हे भूगोलाचा अल्बम करून राहिले!" एका बड्या जमीनदारानं पुस्तकं देताना संशयानं विचारलं, "फुकट? मंग तुमी काहून करून राहिले हे?" साडू म्हणाले, "मालक, लेकीच्या लग्नात तुमी पंगतीला तिकीट लावलं व्हतं का?" जमीनदारानं पुस्तकं दिलीच, वर पोचवायला जीपही दिली.

पण हाताला लागलेली सवय सुटते कुठं! पुस्तकात राजाला कुणी जादा मिशा काढल्या असतील, राणीला चष्मा लावला असेल, कडेला नावं गिरवली असतील, तर साडू कॉम्प्युटरवर बसून ते सगळं पुसायचे. "पुस्तक कसं नवरीवानी निघालं पायजे," म्हणायचे. मलाही ते फार आवडायचं. चारचौघांत मोबाइल काढून मी ती कोरी करकरीत पानं दाखवायचो आणि कॅमेरा मीच धरल्यासारखी छाती काढायचो.

एका बाजाराच्या दिवशी मी स्टुडिओच्या उंबऱ्याशीच बसलो होतो. नरसीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली. मेंढरांमागं फिरणारं घर. तिच्या भावाचं तिसरीचं पुस्तक तिनंच साडूंना दिलं होतं, फोटो झाल्यावर परतही नेलं होतं. पुढं मेंढरांच्या वाटेवर पावसात पाल भिजलं आणि पुस्तकाचा लगदा झाला. नातवानं मोबाइलवर ते उघडून दाखवलं, तर ही रडायलाच लागली.

"पुस्तक हाय बाबा, पर माजी शाळा कुठंय त्यात?"

"कसली शाळा, मावशी?"

"मला कुनी शाळंत घातलं न्हाई. भाऊ सांजच्याला पानाच्या कडंला एक शबूद काढायचा, मी त्याच्याखाली गिरवायची. त्यो गेला, पुस्तकबी गेलं. तुमी तेवढंच पुसलं की वो."

साडूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मग एकदम ओरडले, "थांबा! मूळ फोटो मी कधी टाकून देत न्हाई!" खरंच देत नाहीत. कारण लग्नाला कैक वर्षं झाल्यावर लोक येतात आणि म्हणतात, पंगतीत कोपऱ्यात आमचे वडील बसले होते, तेवढा एक फोटो द्या. "पुढच्या बाजाराला या, मावशी," ते म्हणाले, आणि दुकानातले जुन्या सीड्यांचे सगळे डबे उपडे करायला लागले.

सापडलं. साडू तेवढ्यावर थांबले नाहीत. तिचं पुस्तक तर त्यांनी होतं तसं लावलंच, शिवाय बाकीच्या पुस्तकांतलं पुसलेलंही एकेक करून परत आणायला घेतलं. आज अमेरिकेतल्या माणसालासुद्धा कळमनुरीच्या पोरानं राजाला काढलेल्या मिशा फुकट बघता येतात, आणि हे काम आमच्या साडूंचं आहे, हे मी हळदीच्या लिलावातसुद्धा मध्येच उठून सांगतो.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली. साडूंनी पान मोठ्या पडद्यावर घेतलं. कडेला भावाचं ठळक 'सखू', आणि त्याखाली तेच, वाकडंतिकडं, घसरत गेलेलं. "हात लावू का?" तिनं विचारलं. मग पडद्यावर बोट ठेवून वाचत गेली: सखू, दादा, मेंढी, पानी. साडू पानं पुढं घेत होते. एका पानाशी ती थांबली.

"हितपतुरच."

"काहून, मावशी?"

"त्याला ताप भरला. कळप पुढं निघाला, त्यो तितंच राहिला."

 साडूंनी पुढचं पान लावलं. कड कोरी होती. त्याच्या पुढचीही. त्या पानांवर साडूंनी कधी हात फिरवलाच नव्हता. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतंच. म्हातारी तरी उठली नाही. साडू एकेक पान लावत गेले आणि ती पुस्तक संपेपर्यंत बघत राहिली.