नऊ नंबरची खाट

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरना सगळे घड्याळबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. गणवेशावर छातीशी उलटं घड्याळ टाचलेलं आणि नाडी मोजायची ती पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या नव्या मुलींची त्या अशी काही हजेरी घेत, की पोरी आठवडाभर पाढे विसरत. ‘जे पाहिलं तेच लिहायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सव्वीस वर्षं त्या तशाच वागल्या. घरी नवऱ्याला शिंक आली तरी विचारायच्या, ‘किती दिवसांपासून?’

त्या वर्षी दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. मग काय, घड्याळबाई आहेतच की. सकाळची पाळी संपली की लगेच दुपारची. पायाला भिंगरी आणि पोटात नुसता चहा. घरी जाऊन आडव्या झाल्या तरी डोळ्याला डोळा लागेना. कुणाचं तरी सलाइन संपत आलंय असं वाटून दचकून उठायच्या. मेट्रनबाईंनी रजा घ्यायला सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मला काय धाड भरलीय?’ खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे हे बोलताना त्यांची नजर खाली होती.

एका मंगळवारी सकाळी नऊ नंबरच्या आजोबांना ऑपरेशनसाठी वरच्या मजल्यावर नेलं. स्ट्रेचरवर घेताना त्यांचे पाय खुद्द घड्याळबाईंनी धरले होते. दुपारी दोनला त्या तक्ते भरत एकेक खाट पुढे सरकल्या. नऊ नंबरच्या तक्त्यावर लिहिलं: ताप नाही, नाडी बहात्तर, रुग्ण शांत झोपला आहे. मागोमाग छोटे डॉक्टर आले. तेही आदल्या दिवसापासून ड्यूटीवर. त्यांनी खाली ‘हेच उपचार चालू ठेवा’ असं लिहिलं, सही ठोकली आणि जांभई देत पुढे गेले.

वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर, जिला सगळे धाकटी म्हणत, ती औषधं घेऊन आली आणि थबकली. खाटेवर धुतलेली चादर ताणून घातलेली होती.

‘सिस्टर,’ ती हळूच म्हणाली, ‘नऊ नंबर सकाळपासून रिकामी आहे ना?’

बाईंनी खाटेकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. अक्षर त्यांचंच, नेहमीसारखं वळणदार. आज खाट रिकामी होती म्हणून निभावलं. उद्या एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचलं तर?

धाकटीचं बोलणं ऐकून छोटे डॉक्टर परत आले, कानापर्यंत लाल झालेले. ‘फाडून टाकू या कागद,’ ते पुटपुटले. ‘कुणाचं काही बिघडलेलं नाही.’

बाईंना मोह झाला. का होऊ नये? सव्वीस वर्षांत कमावलेलं नाव त्या एका कागदावर येऊन टेकलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला. मग त्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘न पाहता लिहिले,’ आणि खाली सही केली. ‘मेट्रनबाईंना बोलाव,’ त्या धाकटीला म्हणाल्या. ‘म्हणावं, मला बरं नाही.’ एवढं बोलून त्या नऊ नंबरच्या खाटेवर बसल्या आणि तोंडाला लावायला पदर नव्हता, म्हणून तक्ताच लावून रडल्या.

मेट्रनबाई आल्या. कागद वाचला, पण रागावल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी बाईंचाच प्रश्न बाईंना विचारला, ‘झोप नाही, ती किती दिवसांपासून?’

‘पाच आठवडे.’

‘उद्यापासून रजा. तुमची पाळी मी करते. मनाच्या डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ, एकटीला नाही पाठवत मी. आणि मी तेव्हाच ऐकायला नको होतं तुमचं, ही चूक माझी.’

धाकटीने बाईंना खाटेवर निजवलं, पायातले बूट काढले आणि मनगट हातात घेतलं. वेळ पाहायला ती बाईंच्या छातीवरच्या घड्याळाकडे वाकली.

‘पूर्ण मिनिट मोज,’ बाई डोळे मिटून म्हणाल्या.

‘मोजतेय. बोलू नका.’

तिने नवा तक्ता घेतला आणि लिहिलं: नाडी एकशे चार. हात थरथरतात. झोप नाही. मग तो छोट्या डॉक्टरांपुढे धरला. या खेपेला त्यांनी आधी खाटेवरच्या माणसाकडे नीट पाहिलं, पायाशी पडलेलं पांघरूण बाईंच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि मग सही केली.