काटा फक्त सांगतो

काटेकोर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा आणि स्वभाव असा, की चहात साखरसुद्धा मोजून घालणार. मग लोक दुसरं काय म्हणणार? बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याचं एका खोलीचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर राहायची एक खोली. सोनाराच्या तराजूपासून गोदामातल्या जमिनीवरच्या काट्यापर्यंत काहीही घेऊन या, दोन दिवसांत ठणठणीत करून देणार. पितळी वजनांना उघडा हात म्हणून लावायचा नाही. बोटांचा घाम लागला की वजन वाढतं म्हणे! चिमट्याने उचलायची, मऊ कातड्याने पुसायची आणि पेटीत आपापल्या खळग्यात ठेवायची. माणसांशी इतकं जपून वागायची वेळ मात्र त्याच्यावर फारशी आलीच नाही. लग्न राहून गेलं. आई गेली. ताई परगावी. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि पाच मिनिटांत उरकायचा, कारण दोघांकडेही सांगण्यासारखं फारसं नसायचं.

समोरचा कापडवाला तेवढा रोज डोकवायचा. दारातल्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा, आकडा बघायचा आणि करवादायचा, "तुझा हा काटा दोन किलो जास्त दाखवतो."

"शेठ, काट्यावर राग काढू नका. काटा तुमच्यात काही घालत नाही, फक्त सांगतो."

वर्षानुवर्षं हेच वाक्य. कापडवाल्याचं वजन बदललं, पण वाक्य बदललं नाही.

आता त्याच्या दुखण्याचं सांगायला हवं. लग्न नाही, मुलगी नाही, पण जावई मात्र त्याला होता! म्हणजे तो त्या डोकेदुखीलाच जावई म्हणायचा. वर्षाला दीड-दोन महिने मुक्कामाला यायची, बहुतेक रोज, दुपारी सव्वादोनच्या मागेपुढे, आणि सगळी सरबराई करून घेतल्याशिवाय हलायची नाही. उजव्या डोळ्यामागे कुणीतरी तापलेली सळई खुपसून फिरवतंय असं वाटायचं. डोळ्यातून घळाघळा पाणी, तीच नाकपुडी वाहणार. आणि गंमत म्हणजे आडवंही होता यायचं नाही. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालायच्या, चौकटीवर मूठ आपटायची. मग तासाभराने सगळं शांत. डोकेदुखी म्हटलं की लोकांना वाटतं, गोळी घेतली की झालं. ताई म्हणायची, "पित्त आहे तुझं. जेवणाच्या वेळा सांभाळ." कापडवाला म्हणायचा चष्मा बदल. दुखणं काय आहे ते कुणाला कळतच नव्हतं, आणि समजावून सांगायचाही त्याला कंटाळा आला होता.

तीन डॉक्टर झाल्यावर चौथ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव सांगितलं: क्लस्टर हेडेक. ऑक्सिजनचं सिलिंडर आणि मुखवटा घरी ठेवायला दिला. "दुखणं सुरू होतंय असं वाटलं की लगेच लावायचा. जितका लवकर, तितका उपयोग. एकदा रंगात आलं की मग ते ऐकत नाही." रक्त तपासून ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते लिहून दिलं. त्याने मॅग्नेशियमचं विचारलं, माशाच्या तेलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्या, मला विचारून घ्या, पण त्यांच्यावर विसंबून सिलिंडर सोडू नका."

काटेकोर विसंबणाऱ्यातला नव्हताच. तो मोजणाऱ्यातला. औषधांच्या दुकानातली बाई त्याला बाटल्या काढून द्यायची आणि त्याच्या प्रश्नांनी मेटाकुटीला यायची. मॅग्नेशियमची पूड तो सोनाराच्या तराजूवर तोलून घ्यायचा! रोज नोंदवही: तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, काय काय घेतलं, आणि शेवटी 'काही विशेष'. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची नाहीतर कमी करायची. काट्यातली खोट तो अशीच शोधायचा, पारड्यातून एकेक काढून बघत.

त्याच्या आयुष्यात पासंग आली ती काही त्याने आणली म्हणून नव्हे. एक दिवस सकाळी दुकान उघडलं तर दारातल्या मोठ्या काट्यावर एक तपकिरी, आखूड पायांची कुत्री अंग चोरून बसलेली. हाकलली तर उठेना. आकडा मात्र दिसत होता: चौदा किलो दोनशे ग्रॅम. त्याने तो लिहून ठेवला. का लिहिला, ते त्यालाच ठाऊक. दोन्ही पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला जो बारीकसा तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. तेच नाव तिला पडलं. आणि खरं सांगू, त्याची ती रिकामी बाजू तिने थोडी खाली आणलीच. तो तिच्याशी बोलायला लागला. रविवारचा फोन आता सात मिनिटं चालायचा, कारण तिच्या खोड्या सांगायच्या असायच्या.

मग जावई आला. पण या वर्षी वेगळंच घडायला लागलं. दोन वाजले की पासंग कोपऱ्यातून उठायची, त्याच्या जवळ यायची आणि त्याच्या पावलावर हनुवटी टेकून बसायची. बाजूला सारलं तरी पुन्हा तेच. तिच्यामुळे हातातलं काम थांबायचं, तो वर खोलीत जाऊन बसायचा, आणि डोळ्यामागे पहिली कळ आली की सिलिंडर हाताशीच असायचं. पंधरा-वीस मिनिटांत सुटका! त्याला वाटलं, पूड लागू पडली. मग पूड थांबवून पाहिली, तेल थांबवून पाहिलं. काही फरक नाही. मग हे आहे तरी काय?

एका रविवारी तो नोंदवही उलगडून बसला आणि 'काही विशेष'चा रकाना वर-खाली वाचला. पासंग पायाशी बसली. पासंग पायाशी बसली. तेवीस दुखणी, आणि तेवीसही वेळा आधी ती, मग दहा-पंधरा मिनिटांनी दुखणं. तिच्या पंजाला जखम झाली म्हणून दोन दिवस गुरांच्या डॉक्टरकडे ठेवली होती, ते दोन्ही दिवस कोरडे गेले होते. त्याने पट्टी घेऊन नवा रकाना आखला, वर 'कारण' असं लिहिलं, आणि तेवीस ओळींत एकच शब्द भरला: पासंग.

फोनवर ताईने त्यावर शिक्कामोर्तबच केलं. "अरे, कुत्र्याचे केस! मी म्हणत नव्हते? दे कुणाला तरी."

माणसाला दुखणं इतकं हैराण करतं ना, की कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातून याच्याकडे तर लेखी पुरावा! दुसऱ्या दिवशी त्याने पासंगला औषधवाल्या बाईच्या घरी नेऊन सोडलं. तिच्या घरामागे अंगण होतं. फाटक लावताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

आणि जावई? तो आलाच, सव्वादोनला! काटेकोर तेव्हा दुकानात सोनाराचा तराजू उघडून बसला होता. चिमट्यातून सगळ्यात बारीक वजन निसटून फटीत गेलं, जिना चढता चढता दोनदा भिंत धरावी लागली, आणि मुखवटा तोंडाला लागेपर्यंत दुखणं पुरतं रंगात आलं होतं. दीड तास. त्याने ठरवलं, खोलीत तिचे केस राहिले असणार. सतरंजी धुतली, पडदे धुतले, गुडघ्यांवर बसून फरशी घासली. जावई दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. मग घड्याळाचा गजर लावून पाहिला. पण जावई कधी पावणेदोनला यायचा, कधी तीनला, आणि गजराला त्याचं काय! धुतलेल्या खोलीत आता कसलाच वास येत नव्हता. दुखणं ओसरल्यावर तो सवयीने म्हणायचा, "गेला बरं का," आणि मग आठवायचं की ऐकायला कुणी नाही. एवढी वर्षं तो एकटा राहिला होता, पण एकटेपणा बोचायला त्या आठ दिवसांत लागला.

नवव्या दिवशी जेवणानंतर कापडवाला नेहमीसारखा येऊन काट्यावर उभा राहिला आणि त्या दिवशी मात्र खरंच भडकला. "फोडूनच टाकतो तुझा हा काटा! दे इकडे हातोडी."

"शेठ, काट्यावर राग काढू नका," काटेकोर मान वर न करता म्हणाला, "काटा तुमच्यात काही घालत नाही, फक्त..."

त्याने चिमटा खाली ठेवला.

"फक्त काय? बोल की," कापडवाला म्हणाला. "अरे, काय झालं? पांढरा का पडलास?"

"अहो, मी पण तेच केलं," काटेकोर म्हणाला. "ती नुसती सांगत होती, आणि मी तिलाच घालवून दिलं." आणि कापडवाल्याला काट्यावरून अक्षरशः ढकलून त्याने शटर खाली ओढलं. किती वाजले ते बघायचंही भान त्याला राहिलं नाही. एरवी घड्याळ बघितल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस!

औषधवाली दुपारी घरी असायची. तिनेच दार उघडलं. "काका, बरं झालं आलात हो. नीट खातच नाही ती. आणि दोन वाजायला आले की जाऊन फाटकाशी बसते, रस्त्याकडे तोंड करून. तास तास हलत नाही. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघते."

पासंग फाटकाशीच होती. त्याला पाहून तिने शेपूट हलवली नाही. उठली, हळूहळू आली, त्याचा बूट हुंगला आणि त्यावर हनुवटी टेकून बसली.

"रागावली नाहीस ना गं?" तो म्हणाला. ती तशीच बसून राहिली. त्याने बाजूला सारलं, ती पुन्हा आली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: जावई येतोय. सिलिंडर घरी होतं आणि घर वीस मिनिटांच्या वाटेवर.

पहिली कळ तिथे अंगणातच आली. औषधवाली बिचारी घाबरून पाणी आण, खुर्ची आण असं करत राहिली. त्याने हातानेच नको म्हटलं आणि डोळा दाबून येरझारा सुरू केल्या, फाटकापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून फाटकापर्यंत. त्या आखूड पायांची ती कुत्री त्याच्या टाचेला लागून चालत होती. तो वळला की ती वळायची. तो थांबून भिंतीवर मूठ आपटायचा तेव्हा तीही थांबायची. तास उलटून गेला असेल. तिने एकही फेरी चुकवली नाही. दुखणं उतरलं तेव्हा तो तिथेच मातीत बसला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून पोरासारखा रडला. औषधवाली घरात निघून गेली, तेही बरंच केलं तिने.

संध्याकाळी दुकानाच्या दारात पासंग आपणहून मोठ्या काट्यावर चढून बसली. बारा किलो सहाशे. म्हणजे पहिल्या दिवशीच्या नोंदीपेक्षा एक किलो सहाशे ग्रॅम कमी. काटा चुकत असेल असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यानेच तो तपासून लावला होता.

तिला पोटभर खायला घातल्यावर त्याने नोंदवही काढली. त्याच्या धंद्यात चुकीची नोंद कधी खोडून टाकायची नाही, पानही फाडायचं नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी सही करायची: ही चूक माझी. त्याने पट्टी घेतली. 'कारण'च्या खालच्या पहिल्या पासंगवर रेघ मारली, सही केली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तेवीस रेघा, तेवीस सह्या. पासंग त्याच्या पावलावर हनुवटी ठेवून गाढ झोपली होती, या वेळी खरोखर नुसती झोपलीच होती. पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याने पाय हलवला नाही.