मामाला मी परिक्रमेला पाठवलं

माझ्या सासऱ्यांना सुपरहिरोंची कॉमिक्स वाचायची होती. वय पंच्याऐंशीच्या घरात. डोळ्यांना रंग आणि आकार तेवढे दिसतात, अक्षरं आणि चेहरे दिसत नाहीत. इंग्रजी म्हणाल तर तहसिलीत सही करण्यापुरतं. अशा माणसाने एका दुपारी चहाचा कप खाली ठेवून मला विचारलं, "सूनबाई, ही उडणारी माणसं कुठून सुरू करायची?"

मी फार बोलणाऱ्यातली नाही. देवासच्या एका शाळेत गणित शिकवते, घरी येते, कामाला लागते. या प्रकरणात मी जे केलं तेही कुणाला आपणहून सांगितलं नसतं. पण धारच्या मुंजीत पन्नास पानांच्या पंगतीसमोर ते बाहेर पडलंच आहे, तर आता नीट सांगते.

सगळं सुरू झालं माझ्या मुलीमुळे. ती पुण्याला नोकरीला असते, रविवारी सकाळी फोन करते. आधी माझ्याशी, मग तिच्या वडिलांशी, मग आबांशी, म्हणजे मामंजींशी. मामंजींशी तिचं बोलणं हळूहळू आटत चाललं होतं. "जेवलीस का?" "हो आबा." "तिकडे पाऊस?" "नाही आबा." की फोन परत माझ्या हातात. भांडण वगैरे काही नव्हतं. तिची मराठीच तेवढी होती, जेवणापुरती आणि हवेपुरती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि मामंजींना धड हिंदी येत असूनही नातीशी हिंदीत बोलायला त्यांची जीभ वळत नाही. ती लहान असताना ते तिला मराठी वाचायला घेऊन बसत, तेव्हा "राहू द्या मामंजी, उद्या तिची टेस्ट आहे," असं म्हणणारी मीच. टेस्ट कायमच असायची.

तर एका रविवारी त्यांनी तिला वेगळंच विचारलं, "दिवसभर करतेस काय गं?"

"ऑफिस आबा. और फिर कॉमिक्स," ती म्हणाली आणि सुटलीच. कोण कुणाचा शत्रू, कोण मरून परत आलं, कुणाचं लग्न मोडलं. निम्मं हिंदी, थोडं इंग्रजी, मधे मधे मराठी. फोन संपला तरी मामंजी तो कानाला लावून बसले होते.

"एवढं बोलते ही?" ते म्हणाले.

म्हणून तो चहाच्या वेळचा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं. लहानपणी धारला माझा भाऊ बसस्टँडजवळून भाड्याने कॉमिक्स आणायचा, पण मला त्यात कधी गोडी वाटली नाही. पुढच्या रविवारी आम्ही फोन स्पीकरवर टाकून मुलीलाच विचारलं.

"आबा, एक नंबर से मत शुरू करना," ती म्हणाली.

"मग काय दोनपासून?"

"तसं नाही आबा. एक नंबर बहुत सारे हैं. कंपनी दर थोड्या वर्षांनी फिरसे एक से चालू करते."

मामंजींची सगळी नोकरी कुक्षीच्या तहसिलीत जमिनीच्या नोंदी तपासण्यात गेली. ते ताठ बसले. "एकाच शेताला दरवेळी नवा खसरा नंबर? पटवारी झोपला होता काय?"

"अहो आबा, माझ्या खोलीत माळ्यावर एक जाड पुस्तक आहे. पोपटी केपवाला. त्यात एक पूर्ण कहानी है. वहाँ से लो."

"आणि त्याच्या आधीचं?"

"आधीचं सगळं कोणीच वाचलेलं नसतं! बहुत पुराना है. सगळे मधूनच घुसतात."

हे मामंजींना काही पटलं नाही. तीन पिढ्यांची वंशावळ पुढ्यात असल्याशिवाय या माणसाने कधी बांधाचा वाद ऐकला नव्हता. पण मी माळ्यावर चढले, पुस्तक काढलं, धूळ झटकली, आणि दुपारी शाळेतून आल्यावर त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून वाचायला बसले. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पहिले दोन दिवस तर कोणता चौकोन आधी वाचायचा हेच मला कळेना. माणूस आधी किंचाळायचा आणि इमारत नंतर कोसळायची. मामंजी म्हणायचे, "याला आधीच कसं कळलं?"

गोष्ट अशी होती. बंदराचं एक मोठं शहर. तिथे एक पोपटी केप पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अंगावर आहे तोवर माणूस उडतो, काढला की साधा. मामंजींनी केपला पहिल्याच दिवशी शेला करून टाकलं. शेला हातोहात जातो म्हटल्यावर ते खूश झाले. "म्हणजे नामांतरण आहे! मूळ मालक मेला, वारसाच्या नावे चढला. चल पुढे."

आताचा शेलेवाला एक पोरका मुलगा. त्याला वाढवणारा त्याचा मामा, दीपगृहाचा दिवा सांभाळणारा. भाचा रात्रभर लढून पहाटे घरी आला की मामा त्याच्या पुढ्यात गरम रश्श्याचा वाडगा ठेवणार, फाटलेला शेला शिवणार, आणि वर बोलणार, "आज पुन्हा खिडकीतून आलास? दार कशाला केलंय?" मामंजी या मामावर जीव टाकायला लागले. त्यांचे वडील लवकर गेले, ते स्वतः धारला मामाच्या घरी वाढले. "मामा असावा तर असा," रोज एकदा तरी म्हणायचे.

आणि एका दुपारी मी पान उलटलं, तर शहर जाळायला निघालेल्या माणसाने तोंडावरचा काळा मुखवटा काढला होता, आणि आत मामा होता.

मी थांबले.

"काय झालं?" मामंजी म्हणाले.

"काही नाही. मामा निघालाय."

"कुठे?"

खरंच सांगते, पुढचं वाक्य मी ठरवून नाही बोलले. तोंडातून गेलं. "परिक्रमेला."

तिकडे कुठली नर्मदा, असं त्यांनी विचारलं असतं तर मी तिथेच पकडले गेले असते. पण त्यांना ते अगदी रास्त वाटलं. "बरोबर. भाच्याला पायावर उभं केलं, आता मोकळा झाला. पायी करणार असेल तर तीन वर्षं तरी येत नाही."

तीन वर्षं! मला केवढं हायसं वाटलं. काळ्या मुखवट्याच्या आत मी बंदरातला एक ठेकेदार बसवला. मामंजींचं ठेकेदारांशी आयुष्यभर वाकडं. "वाटलंच मला," ते म्हणाले.

एका खोट्याला पुढे किती टेकू द्यावे लागतात! पुस्तकात मामा पानोपानी होता आणि मला त्याला पानोपानी गाळायचं होतं. भाचा का रडतो? ठेकेदाराने दीपगृह पाडायची नोटीस दिली म्हणून. भाचा मुखवटेवाल्याला जीवे का मारत नाही? ठेकेदाराला लहान मुली आहेत म्हणून. पोरांना वर्गात गणितं घालून मी खुर्चीत बसायची आणि ठेकेदाराचा पुढचा डाव आखायची. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅम, आप हँस क्यों रही हैं?" मी तिला आणखी दोन गणितं दिली.

आणि हेही लिहायला हवं, की मला मजा येत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून मामंजी आणि मी कामाचं बोलत आलो. औषध, दूध, लाइटचं बिल. आता ते मांडीवर थाप मारून "धर त्याला, धर!" म्हणून ओरडत होते, आणि ते मी बनवलेल्या ठेकेदाराला धरायला सांगत होते. रविवारचा फोनही लांबला होता. शेल्याबद्दल, पहिल्या लढाईबद्दल दोघं भरभरून बोलायची. मामाचं नाव निघालं की मी मधे तोंड घालायची. "अगं, तुझा गॅस आला का?" "मामंजी, शिरा उतू चाललाय." शिरा उतू जात नाही, पण दोघांनाही स्वयंपाकातलं फार कळत नाही.

मग धारला माझ्या भाच्याची मुंज आली. मुलगी पुण्याहून आली, आम्ही देवासहून गेलो. पंगतीत आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसली. मी वरणाचं भांडं घेऊन वाढत होते. पलीकडून कुणी ओरडत होतं, "भिया, इधर भी आओ, हम क्या भूखे जाएँ?" त्या गलक्यात मला मुलीचा आवाज आला.

"आबा, सबसे बेस्ट कौन सा लगा? मला तर ते, मामा पूल पाडतो ना…"

"कुठला पूल? मामा परिक्रमेला गेलाय."

"कौन सी परिक्रमा?"

"अगं, तो ठेकेदार…"

"आबा, कुठला ठेकेदार?"

दोघांनी एकदमच वर पाहिलं. मी वरण घेऊन समोर उभी.

"आई?" मुलगी म्हणाली.

मी पुढच्या पानावर वरण वाढायला वळले. मुलीने हळू आवाजात त्यांना सांगितलं, मामा म्हणजेच मुखवटेवाला, पहिल्यापासून. शेजारच्या पानावरच्या माझ्या भावाला सगळं कळलं आणि तो हसत सुटला. "मामंजींना फसवलंस? तू? अगं, मामा ओंकारेश्वरपर्यंत तरी पोचला का?" पंगतभर हशा. मामंजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी उरलेला भात कालवला, खाल्ला, आणि पाणी मागितलं. माझ्याकडे नाही, दुसऱ्या वाढप्याकडे.

इंदूरवरून देवासला येईस्तोवर गाडीत ते चकार शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर "सूनबाई" बंद झालं, "तिला सांग" सुरू झालं. दुपारी मी खुर्ची ओढली तर ते कूस बदलून झोपले. रविवारी पुण्याचा फोन आला, मी त्यांच्यापुढे धरला, त्यांनी हाताने नको म्हटलं. पलीकडून मुलगी "आबा? आबा?" करत राहिली. ते मला सहन झालं नाही. फोन ठेवला आणि खाटेशी खाली जमिनीवरच बसले.

"मामंजी, माझं चुकलं."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला दिसत नाही म्हणून माझ्यापुढे कुणी काहीही वाचावं?"

मग मी एकदाची बोलले. मामा वाईट निघाल्याचं तुम्हाला सांगवेना. मग पुढे मला त्या खोट्याची गोडीच लागली. आणि टेस्टचं. तुमच्याजवळून तिला उठवून मी नेत आले, आज ती तुमच्याशी धड बोलू शकत नाही ते माझ्यामुळे, आणि तिचा फोन लहान होत गेला तेव्हा माझी हिंमत झाली नाही हे म्हणायची.

ते उठून बसले. "टेस्ट आहे म्हणायचीस तेव्हा मी तरी कुठे भांडलो? चष्मा काढून ठेवायचो आणि रेडिओ लावायचो." मग म्हणाले, "पण मामा वाईट निघाला हे मला झेपलं नसतं, असं वाटलं तुला? कुक्षीला मी काय पाहिलं माहीत आहे? मामांनी भाच्यांची शेतं खाल्लेली, भाच्यांनी मामांची. आणि मला तू परिक्रमा सांगतेस!" आता त्यांच्या गळ्यात हसू अडकलं होतं. "पूल कसा पाडतो ते तरी ऐकवायचंस. फुकट गेला माझा पूल."

"आता वाचू? त्या पानापासून?"

"नको. तू नकोच. फोन लाव तिला."

मी लावला, स्पीकरवर.

"तू आता कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"घरी आबा. तुम्ही रागावलात ना?"

"घरी नव्हे. त्या शेल्याच्या गोष्टीत कुठवर आली आहेस?"

"मी? बहुत आगे. नवा अंक परवाच आलाय, अजून उघडला पण नाही."

"तोच उघड. तिथून सुरू करू."

"आबा, तुम्हाला काही कळणार नाही! मधे खूप झालंय. शेला पण दुसऱ्याकडे आहे."

"तुला सगळं कळतं?"

"सच बोलूँ? आधा."

"मग माझं तुझ्या निम्मं. चालेल. आणि तू वाचायचंस, मराठीत."

"आबा, मेरी मराठी…"

"आणि माझे डोळे. चल, सुरू कर."

तिने सुरू केलं. हळूहळू, शब्द शोधत, अडखळत, जिथे अडली तिथे हिंदी घालत. मामंजी दोनच शब्द सांगायचे आणि पुढे ढकलायचे. एका पानाला बराच वेळ गेला. कोणीतरी कुणाला तरी समुद्रात ढकललं होतं आणि वर एक बाई शेला हातात घेऊन उभी होती. मी मेथी निवडता निवडता ऐकत होते. पुढे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि आता ते बदलणंही माझ्या हातात नव्हतं. मला राहवेना.

"मामंजी, ही बाई कोण?"

"कुणास ठाऊक," ते फोनवरचं लक्ष न काढता म्हणाले. "मलाही नाही कळलं. गप बैस, सूनबाई, ऐक."