लव, मूव आणि एक मार्क

नववीत आम्हाला इंग्रजी शिकवायला खेळाचे सर आले. आधीच्या मॅडमची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही; मग सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेनं सरांच्या हाती गाईड दिलं.

व्याकरणाचा त्यांचा नियम एकच. "जिथं 'राहिलो' येते, तिथं आयएनजी लावा. मी खाऊन राहिलो, आय ॲम ईटिंग. झालं!" नियम चालायचाही. पण 'उन्हाळ्यात मी मामाकडे राहिली' याचं मी 'आय ॲम स्टेइंग' केलं, तर सरच म्हणाले, "उन्हाळा संपला ना वं?" डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मग कवितेचं रसग्रहण आलं. पाच मुद्दे, पाच मार्क. त्यातला एक यमकाचा. गाईड म्हणे पहिल्या दोन ओळी जुळतात. एकीच्या शेवटी 'लव', दुसरीच्या शेवटी 'मूव'. मी घरी दहादा मोठ्यानं वाचून पाहिलं. जुळेना. चाचणीत तसंच लिहिलं, तर एक मार्क कापला. बाजूच्या मुलीनं गाईड उतरवलं, तिला पाचपैकी पाच.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले.

"सर, लव आणि मूव जुळत नाही."

"जुळते ना. ओ-व्ही-ई, ओ-व्ही-ई. दिसत नाही काहून तुले?"

"दिसते सर. ऐकू येत नाही."

त्यांनी स्वतः वाचलं. "लव. मूव." परत वाचलं. "लव... लूव." गणिताच्या मॅडमनी वह्यांतून मान वर केली. सरांनी गाईड मिटलं.

"मले हे कोणी शिकवलंच नाही," ते हळूच म्हणाले. "मी कबड्डीवाला माणूस. हेडसर म्हणाले घ्या, म्हणून घेतलं."

"मग माझा मार्क?"

"तुले देला, तर बाकी पूर्ण वर्गाचा कापा लागन. कसं करू, सांग?"

मी पेपर घेऊन वर्गात परत आले. माणसानं कबूल केल्यावर त्याच्यावर चिडताही येत नाही, आणि राग तर पोटात तसाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुढच्या कवितेचे पाच मुद्दे लिहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतरवून घ्या."

वार्षिक परीक्षेत ती लव-मूववालीच कविता आली. मी गाईडातलं यमक लिहिलं आणि पाचपैकी पाच मिळवले. आईनं पेपर पाहिला, खूश होऊन म्हणाली, "पाह्य, अभ्यास केला की जमते!"