टॉपमधून पडणारी जीप

गिअरबॉक्सच्या बाबतीत मी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणाचं सोंग मला जमत नाही. मुकुंदवाडीत रस्त्याला लागून माझं पत्र्याचं गॅरेज होतं आणि गाडी दारात येऊन थांबेपर्यंत मला तिचं निम्मं दुखणं कळलेलं असायचं. गिअर टाकताना करकर झाली की लोक म्हणायचे, गिअरबॉक्स गेला. मी म्हणायचो, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही, तुझा क्लच पूर्ण सुटत नाही, बस जरा. न्यूट्रलमध्ये उभी गाडी घरघरते आणि क्लच दाबला की गप्प होते, तर बेअरिंग. चढाला इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही, तर क्लचप्लेट संपली. गिअर जड पडायला लागले तर आधी खाली वाकून ऑइल गळतंय का ते बघायचं. गिअरबॉक्समध्येही ऑइल असतं हेच निम्म्या लोकांच्या गावी नसतं. आणि ज्याचा डावा हात सारखा गिअरच्या दांड्यावर टेकलेला, त्याच्या गिअरबॉक्सातला गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला सापडणारच. आधी हात बघायचा, मग गाडी.

हे सगळं मला जुन्या शहरातल्या माझ्या उस्तादांनी शिकवलं. मी शेतकऱ्याच्या घरातला, पान्याचे नंबरसुद्धा मला त्यांनीच शिकवले. ते म्हणायचे, "पैले पूछो, फिर सुनो, फिर खोलो." ऐकणं आणि खोलणं मी पक्कं शिकलो. विचारणं तेवढं राहून गेलं. विचारायला धीर लागतो, आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्यातून माझं बहुतेक काम काळ्यापिवळ्या जीपांचं. जालना रस्त्याने करमाडकडे जाणाऱ्या जीपा आमच्या जवळच्या स्टँडवरून सुटायच्या. आठ-नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा-अठरा भरायचे, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. मला ते बघवायचं नाही. माणसांचं तर सोडाच, गाडीचे हाल बघवायचे नाहीत. जीप दारात आली की मी आधी तोंडसुख घ्यायचो. "माणसं भरतोस का कडबा भरतोस रे?" ड्रायव्हर खाली मान घालून ऐकून घ्यायचे, कारण काम माझ्यासारखं दुसरा कुणी करत नव्हता.

असाच एक जण जीप घेऊन आला. सरळ स्वभावाचा, मला घाबरून असायचा. तक्रार एकच होती: चौथा, म्हणजे टॉप गिअर चालता चालता आपोआप सुटतो आणि गाडी न्यूट्रल होते. मी खाली वाकलो. गिअरबॉक्स ज्या रबरावर बसवलेला असतो ते फाटलं होतं. रबर फाटलं की गिअरबॉक्स हलतो आणि गिअर सुटतो, हे नेहमीचंच. नवं रबर टाकलं, ट्रायल घेतली. ट्रायलला गाडीत माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही, हा माझा नियम होता. माणसं बोलतात आणि गिअरचा आवाज ऐकू येत नाही. चिकलठाण्यापर्यंत जाऊन आलो. टॉप पडला नाही.

दोन दिवसांनी जीप परत. टॉप पडतोच आहे.

मग गिअरबॉक्स उतरवला. गिअरला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग आणि तिच्यावरची पोलादी गोळी नवी टाकली. फोर्क तपासला, दात तपासले, सगळं सरळ होतं. पुन्हा एकट्याने ट्रायल. गाडी अशी लोण्यासारखी चालली की मी खुशीत शीळ घालत परत आलो. चार दिवसांनी जीप तिसऱ्यांदा दारात उभी राहिली.

आता स्टँडवर कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीचा कान गेला, मिस्त्री म्हातारा झाला. मला चाळिशीही लागली नव्हती! मी तावातावाने स्टँडवर गेलो आणि सगळ्यांच्या देखत बोलून बसलो, "पुन्हा खोलतो. यानंतर टॉप पडला, तर गिअरबॉक्सला आयुष्यात हात लावणार नाही. पंक्चर काढीन."

बोललो खरा, पण गिअरबॉक्स सोडला तर माझ्यापाशी होतं काय? पुन्हा सगळं खोललं, केरोसिनने धुतलं, एकेक दात उन्हात धरून बघितला. काही सापडलं नाही. नवे गिअर टाकून "हे गेलं होतं" म्हणायची सोय होती; तसं करणारे पुष्कळ होते. पण ड्रायव्हरला सांगितलं, "आत खोट नाही. होतं तसंच जोडलंय. पुढं देवाला ठाऊक." घरी जेवताना बायकोने विचारलं, घास का उतरत नाही. मी तिला सगळं सांगितलं.

तिला दुसऱ्या दिवशी माहेरी, करमाडच्या पुढे, भाचीच्या बारशाला जायचं होतं. सकाळी स्टँडवर नेमकी तीच जीप लागलेली. मिस्त्रीची बायको म्हणून ड्रायव्हरने तिला पुढे बसवलं.

चारच्या सुमाराला ती परतली ती घरी न जाता थेट गॅरेजमध्ये आली. बारशाच्या घुगऱ्यांचा डबा बाकड्यावर ठेवला आणि म्हणाली, "टॉप पडला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"आधी ऐका तर. मी बसले की पडतो, मी उठले की ऱ्हातो."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी खेकसलो.

"दांडा कळतो की. डोळे हायेत मला." आणि तिने बाकड्यावर बसून दाखवलं. पुढच्या दोन सीटांच्या मधे ड्रायव्हर एक फळी आडवी टाकायचा, एक माणूस जास्तीचं बसावं म्हणून. तिला त्याच फळीवर बसवलं होतं, दांडा दोन्ही पायांच्या मधे. टॉप टाकताना दांडा मागं येतो. माणूस बसलं की फळी दबून पुढं सरकायची आणि दांडा फळीच्या कडेला अडायचा. गिअर पुरा बसायचा नाही, अर्धवट अडकायचा, आणि पहिल्या खड्ड्याला सुटायचा. "माझ्या ध्यानात आलं तवा मी म्होरं डॅशबोर्डला धरून वर झाले. भाऊ, आता टाका म्हनलं. पडला नाय. खाली बसले, पडला. तीनदा केलं. मागचे लोक हसत व्हते, मी म्हनलं हसा."

उस्तादांनी सुद्धा याहून चोख तपासणी केली नसती. बसून, उठून, तीनदा! छाती अशी भरून आली की मला उठून पाणी प्यावं लागलं.

आम्ही दोघं स्टँडवर गेलो. जीप उभी होती, फळी जागेवर. मी ड्रायव्हरला म्हणालो, "गॅरेजला आणायचास तेव्हा ही कुठं असायची?"

"काढून घरी ठेवायचो, मिस्त्री."

"का?"

तो खाली बघून म्हणाला, "तुमच्या भीतीनं. तुमी लई बोलता."

चहावाल्यासकट सगळे ऐकत होते. मी सहा-सात जणांना जीपमध्ये बसवलं आणि माणसांनी भरलेल्या गाडीची माझी पहिली ट्रायल घेतली. फळीसकट टॉप पडला, फळी काढल्यावर पडला नाही. परत येऊन मी उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "खोट मी काढली नाही, हिनं काढली. मी ओरडत राहिलो, विचारलं नाही. माझ्या हातून गाडी गेल्यावर टॉप पुन्हा पडला. मी शब्द हरलो. उद्यापासून पंक्चर."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "असं नका करू, मिस्त्री." माझी बायको आजवर स्टँडवर चार माणसांत कधी बोलली नव्हती. ती पदर सावरून पुढे झाली.

"ह्ये ओरडतात, ते खरं हाय. घरीबी ओरडतात. पन गिअरबॉक्स दोनदा खोलला, आत खोट नव्हती, तर खोट नाय म्हनून सांगितलं. स्वतःचं नाव जात होतं तरी खोटं बोलले नाय. तुमच्यात कुनाला असा मिस्त्री ठावा आसंल तर त्याच्याकडं जावा. नायतर उद्या गाड्या इकडंच आना."

सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं तेव्हा तीन जीपा दारात उभ्या होत्या, आणि एकीचंही चाक पंक्चर नव्हतं.