संदर्भांखाली दबलेलं वाक्य

रविवार, १६ नोव्हेंबर. अकोला, जुनं शहर, मामांच्या घराची पुढची खोली. हजर: मामी, मी, मामांच्या महाविद्यालयातले निवृत्त शिपाई, इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाचे दोन ज्येष्ठ संपादक, आणि दाराशी चपलांजवळ बसलेल्या अचलपूरच्या शोभाताई. मामांना जाऊन तीन आठवडे झाले होते. संपादकांपैकी सोनेरी चष्म्याचे गृहस्थ वीस मिनिटं बोलले. मामांनी ज्ञानयज्ञात समिधा वाहिल्या, म्हणाले. मामांच्या प्रत्येक दुरुस्तीवर पाणी ओतणारे हेच गृहस्थ होते, हे मला माहीत होतं, शोभाताईंना माहीत होतं... आणि त्यांना स्वतःलाही.

मामा ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्या ज्ञानकोशातलं विदर्भाच्या संत्र्यावरचं पान हाती घेतलं. इथं कुणीही लिहू शकतं, असं त्या ज्ञानकोशात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी फक्त एक बारीक आकडा दिसतो, तो संदर्भ. पण तेच पान दुरुस्तीसाठी उघडलं, की आकड्याच्या जागी पुस्तक, लेखक, प्रकाशक, पृष्ठ, दुवा, कंसावर कंस, असा चार-पाच ओळींचा ढिगारा वाक्याच्या पोटात कोंबलेला सापडतो. मी अमरावतीला कचेरीत पंचवीस वर्षं फायली लावल्या आहेत. पत्राच्या मजकुरात जोडपत्रं घुसवणाऱ्या कारकुनाला मी दुसऱ्या दिवशी टेबलावर बसू दिलं नसतं. इथं मात्र तो विद्वान ठरतो.

शोभाताई मामांच्या महाविद्यालयातल्या जुन्या विद्यार्थिनी. घरी भाजी, फुलं आणि संत्र्याची बाग. बहार येण्याआधी झाडाचं पाणी तोडून ताण देतात, त्याचे दिवस त्या पानावर हलक्या जमिनीचे लिहिले होते आणि नाव काळ्या जमिनीचं दिलं होतं. काळी जमीन ओल धरून ठेवते. तेवढ्या दिवसांत तिथलं झाड ताणावर येतच नाही, मग फूल कुठलं? शोभाताईंनी मोबाईलवर पान उघडलं, दिवसांचा आकडा शोधता शोधता ढिगाऱ्यातली एक खूण चुकून पुसली आणि जतन केलं. संदर्भ बंद करणारीच ती खूण होती. ती जाताच खालचं अर्धं पान त्या संदर्भात गडप झालं. सोनेरी चष्म्यानं पाच मिनिटांत पान पूर्ववत केलं, चुकीच्या आकड्यासकट, आणि ‘तोडफोड’ असा शेरा मारून शोभाताईंवर आठवडाभर बंदी घातली. बाईंना दुरुस्त काय करायचं होतं, हे विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही.

मामांनी पान छापून काढलं, कागदांना कपड्यांचे चिमटे लावले आणि माझ्या हातात दिलं. “वाच.”

“काळ्या जमिनीत, कंस, कंस, संदर्भ, आडनाव बरोबर...”

“वाक्य दिसून राहिलं का तुले?”

“नाही मामा.”

“माही उमर पुस्तकात गेली, मले बी नाही दिसत. मंग ते बाई कावून गुन्हेगार?”

त्यांचा उपाय साधा होता. सगळे पूर्ण संदर्भ पानाच्या तळाशी एकत्र न्यायचे, प्रत्येकाला छोटं नाव द्यायचं आणि वाक्यात फक्त ते नाव ठेवायचं. वाचणाऱ्याला काहीच फरक नाही. लिहिणाऱ्याला वाक्य सापडतं. आधी कागदावर पेन्सिलीनं, मग संगणकावर. चष्मेवाल्यांनी ते उलटवलं. आधी चर्चा व्हावी, म्हणाले. चर्चा संत्र्याच्या पानाहून लांब झाली. वाक्यातला भरगच्च संदर्भ अभ्यासाचं वजन दाखवतो, असंही एकानं लिहिलं. फोनवर मामा त्यांना म्हणाले, “तुमी फाटकाले कुलूप लावता अन् वर पाटी लावता, या म्हणून.” शेवटी कंटाळून त्यांनी मान्य केलं, तोवर मामांनी अंथरूण धरलं होतं. अंथरुणावरूनच त्यांनी एकसष्टपैकी अडतीस संदर्भ खाली नेले.

त्या रविवारी चहा झाल्यावर मी चष्मेवाल्यांना विचारलं, ताणाचे दिवस आता तरी दुरुस्त करता का? “मी शेतीतला नाही,” ते म्हणाले. बंदी घालायला शेतीतलं असावं लागत नाही, एवढं मला कळलं. शोभाताई चपला घालत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “मी तोडफोडवाली बाई, ताई. मले कायले इचारता?”

उरलेले तेवीस संदर्भ मी चार संध्याकाळींत खाली नेले. ते वाक्य आता एका ओळीत मोकळं दिसतं, आणि अजून चूकच आहे. बरोबर दिवस मला माहीत नाहीत; ते ज्या पुस्तिकेत छापले आहेत, ती शोभाताईंच्या घरी आहे. तीन वेळा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मामांच्या शेवटच्या कागदावर त्या वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय, “हे तिनंच बदलवायचं.” पुढच्या महिन्यात बागा ताणावर सोडतील, आणि कुणीतरी नवखा ते पान वाचेल... चिमटे लावलेले कागद माझ्या पिशवीत आहेत. कामांच्या माझ्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या. एक राहिली: अचलपूरची एसटी.